सोयरिकीचा सामना

खेळाच्या जगात प्रतिस्पर्धी दोन प्रकारचे असतात. एक नेमून दिलेले आणि दुसरे आपण होऊन पत्करलेले. पहिल्यांची यादी कोणा मंडळाच्या कचेरीत तयार होते आणि तीत आपली इच्छा कोणी विचारीत नाही. दुसऱ्यांची यादी कोठेच लिहिलेली नसते. पण वर्षामागून वर्षे तीच नावे तीत आढळतात, आणि हंगामाच्या तोंडावर, जेव्हा जिंकले काय नि हरले काय, कोणत्याच तक्त्यात नोंद व्हावयाची नसते, तेव्हा तेच दोन संघ पुन्हा एकमेकांसमोर उभे राहतात. असे का व्हावे, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच आला. आमच्या परंड्याच्या कॉलेजातील खो-खोचा संघ दरवर्षी श्रावणात बार्शीच्या एका कॉलेजाशी जो सरावाचा सामना खेळतो, तो यापुढे बंद करावा, अशी सूचना क्रीडासमितीपुढे आली होती. आम्ही इंग्रजी शिकवितो. खो-खोच्या मैदानावर आमची गती खांबापासून दहा हातांवर खुर्ची टाकून बसण्यापलीकडे नाही. तथापि समितीचे सभासदत्व वयपरत्वे गळ्यात पडलेले असल्यामुळे मत देणे भाग होते, आणि मत देण्यापूर्वी विचार करण्याची खोड पन्नाशीनंतर सुटत नाही.

विचारास आरंभ झाला तो मात्र अमेरिकेपासून. हे वाचून वाचक हसतील. पण आमच्या वर्गातील मुले हल्ली रात्री मोबाइलवर जगातले सगळे खेळ पाहतात, आणि त्यांतल्या एकाने आम्हांस विचारले की, न्यूयॉर्कचे जायंट्स आणि न्यूयॉर्कचेच जेट्स हे दोन फुटबॉल संघ दर ऑगस्टात एकमेकांशीच का खेळतात? हा फुटबॉल आपला नव्हे; लांबोळका चेंडू छातीशी धरून धावावयाचा तो. त्या खेळाच्या मोठ्या संघटनेत ३२ संघ आहेत आणि त्यांचे सोळा-सोळांचे दोन तट आहेत. जायंट्स एका तटात, जेट्स दुसऱ्या तटात. गाव एक, १९८४ पासून क्रीडांगणही एकच; परंतु हंगामातील सामन्यांचे कोष्टक ज्या सूत्राने बसविलेले आहे त्यात या दोघांची गाठ साधारणपणे चार वर्षांतून एकदा पडते. एका छपराखाली राहावे आणि चार वर्षांनी एकदा समोरासमोर यावे, असा हा प्रकार. हंगामापूर्वीचे सामने मात्र बरेचसे क्लबांनी आपसांत ठरवावयाचे असतात. आणि तेथे हे शेजारी एकमेकांस सोडीत नाहीत.

त्यांची पहिली गाठ पडली ती १९६९ च्या ऑगस्टात, येल विद्यापीठाच्या मैदानावर. जायंट्स हे १९२५ पासूनचे जुने घराणे. जेट्स १९६० साली निघालेल्या नव्या संघटनेतले. दोन्ही संघटनांचे एकीकरण तोवर व्हावयाचे होते, त्यामुळे एका शहरात नऊ वर्षे राहूनही दोघांनी एकमेकांस मैदानावर पाहिले नव्हते. त्या वर्षीच्या जानेवारीत जेट्सनी अजिंक्यपद मिळविले होते, आणि जुन्या घराण्यास ते मानवलेले नव्हते. सामना कोणत्याही हिशेबात धरला जावयाचा नव्हता. जेट्सनी तो ३७ विरुद्ध १४ असा जिंकला. जायंट्स त्या वर्षीचे हंगामापूर्वीचे सगळेच सामने हरले, आणि खरा हंगाम सुरू होण्याच्या आधीच त्यांच्या प्रशिक्षकास, अ‍ॅली शेरमन यांस, निरोप देण्यात आला. ज्या सामन्यांना किंमत नाही असे सगळे म्हणतात त्यांची किंमत एका मनुष्याने अशी मोजली.

तेच दोन संघ पुन्हा पुन्हा का, याची जी कारणे तिकडे सांगतात ती ऐकावयास साधी आहेत. जवळचा संघ बोलाविला म्हणजे प्रवासाचा खर्च वाचतो, मुक्काम टळतो, दोन्हीकडचे प्रेक्षक येतात, प्रशिक्षकांची ओळख असते, तेव्हा एका निरोपावर काम भागते. हे सगळे खरे आहे. पण जवळचे तर पुष्कळ असतात. त्यांतला हाच का? याचे उत्तर खर्चाच्या वहीत सापडत नाही. तिकडचे क्लब एक गोष्ट सहसा टाळतात: ज्या संघाशी आपल्याच गटात, गुणांसाठी, दरवर्षी दोनदा झुंजावयाचे आहे, त्याच्याशी हंगामापूर्वी खेळावयाचे नाही. का, तर आपले डावपेच त्यास आधी दिसतील. म्हणजे निवड होते ती अशा शेजाऱ्याची की जो अंगणाने जवळ आहे आणि कोष्टकाने दूर. इंग्लंडातही हेच. तेथे एकावर एक अशा श्रेणी आहेत. दोन गावे शेजारी, पण एक वरच्या श्रेणीत आणि दुसरे खालच्या, तर त्यांची लीगमध्ये गाठ पडत नाही. मग जुलैत, हंगामापूर्वी, ते एकमेकांकडे जातात.

हा नियम आमच्या भाषेला नवा नाही. आम्ही त्यास भाऊबंदकी आणि सोयरीक अशी दोन नावे शतकानुशतके देत आलो आहो. ज्याच्याशी एका वडिलार्जित जमिनीचा वाटा करावयाचा तो भाऊबंद. त्याच्या-आमच्यामध्ये बांध असतो, आणि बांध असला की तो कोरला जातो. ज्याच्याशी वाटा नाही तो सोयरा; त्याच्याशी देणेघेणे होते, येणेजाणे होते, रुसवेफुगवेही होतात, पण कोर्टात कोणी जात नाही. आणि एका गोत्रात सोयरीक करावयाची नाही हा दंडक ज्यांनी घातला त्यांनी आणखी काय काय पाहिले होते कोण जाणे; खेळाच्या कोष्टकालाही तो लागू पडतो. कोल्हापुरात जा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ एकाच लीगमध्ये, एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. गल्लीला गल्ली लागलेली, आणि त्यांची ईर्षा अशी की सामन्याच्या दिवशी गाव दोन ठिकाणी फाटते. तो खेळ आम्हांस आवडतो. परंतु ती भाऊबंदकी आहे, आणि कोल्हापूरकरही तिला दुसरे नाव देणार नाहीत.

आता परंड्याकडे येऊ. येथून बार्शी सुमारे तीस किलोमीटर. आमचा आठवड्याचा बाजार मोठा झाला की तो बार्शीस होतो. दुखणे मोठे झाले की तेही बार्शीस जाते. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी ही चिमुकली रेल्वे सुरू झाली तेव्हापासून आमच्या मुलखाने आगगाडीचा धूर पाहिला तो त्याच बाजूस. आमच्या जिल्ह्याचे ठाणे धाराशिव. पण तेथे जावयाचे तरी मोटार आधी बार्शीवरूनच जाते. आणि असे असूनही बार्शी आमच्या जिल्ह्यात नाही, आमच्या महसूल विभागात नाही, आमच्या विद्यापीठात तर नाहीच नाही. आमचे विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरास, दोनशेहून अधिक किलोमीटरांवर, त्यांचे सोलापुरास.

ही रेघ कोणी ओढली? तिचा इतिहास आमच्या किल्ल्याइतकाच दगडी आहे. परंडा निजामशाहीचे होते. १६०० साली अहमदनगर पडल्यावर काही काळ त्या राज्याची राजधानीच येथे आली होती. मग ते आदिलशाहीकडे गेले, मग मोगलांकडे. आज विजापूरच्या बुरुजावर जी मुलूखमैदान तोफ प्रवासी पाहतात ती १६३२ साली परंड्याहून तिकडे नेलेली आहे; येथे तिची आठवण निघाली की म्हातारी माणसे अजून उसासा टाकतात, जणू काही ती परवाच नेली. पुढे परंडा निजामाच्या राज्यात राहिले आणि बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. तेव्हा या तीस किलोमीटरांत जकातीचा नाका होता, आणि नाक्याच्या अलीकडे हाली रुपया व पलीकडे कलदार चालत असे. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात लढणाऱ्यांनी आश्रय घेतला तो याच रेघेच्या पलीकडे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली सगळे मिळून महाराष्ट्र झाले. नाका गेला, हाली रुपया गेला. रेघ मात्र विद्यापीठांनी जपून ठेविली. आमच्याकडे आधी १९१८ चे उस्मानिया, मग १९५८ पासून मराठवाडा विद्यापीठ. बार्शीकडे १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि २००४ पासून सोलापूरचे. जी दोन गावे एकमेकांच्या बाजारावर जगतात त्यांची मुले एका परीक्षेस कधी बसली नाहीत आणि एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कधी उतरली नाहीत. परंड्याच्या मुलाने आमच्या विद्यापीठाच्या संघात जागा मिळवावी, बार्शीच्या मुलाने त्याच्या विद्यापीठाच्या, आणि मग राज्यातील विद्यापीठांच्या अश्वमेध महोत्सवात दोन्ही संघांची सोडत समोरासमोर निघावी, तेव्हा कोठे त्यांची अधिकृत भेट व्हावयाची. जायंट्स आणि जेट्स यांना चार वर्षे तरी पुरतात. येथे एखाद्याचे सारे विद्यार्थिजीवन सरून जाते.

म्हणूनच श्रावणातला तो सामना. आमच्या क्रीडाशिक्षकांस आम्ही एकदा विचारले की, भूम आहे, कळंब आहे, धाराशिव आहे, त्यांच्याशी का खेळत नाही? त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही परीक्षेची प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी चौकात वाचावयास सांगितले. गणपती उठल्यावर त्याच संघांशी विभागीय स्पर्धेत गाठ पडावयाची. पळणाऱ्यांच्या तुकड्या कोणत्या क्रमाने सोडणार, खांबाजवळ कोणास बसविणार, सूर मारून गडी टिपणारा कोण, हुलकावणी देऊन परत फिरणारा कोण, हे त्यांस ऑगस्टातच दाखवावयाचे? बार्शीकरांस दाखविले तर काय बिघडते? ते ती विद्या सोलापुरास नेतील, आणि नेऊ देत. किंबहुना सामना संपल्यावर दोन्हीकडचे शिक्षक मैदानाच्या कडेला उकिडवे बसून एकमेकांच्या मुलांच्या चुका एकमेकांस सांगतात. आमचा मुलगा खांबावर वळताना डावा खांदा टाकतो, हे आम्हांस बार्शीकरांनी सांगितले. भूमकर ते पाहून गप्प राहिले असते, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

खो-खो हा या जिल्ह्याचा अभिमानाचा खेळ आहे हे येथे सांगितले पाहिजे. येथल्याच सारिका काळे यांस २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून तर गावोगावच्या मुली पहाटे शाळेच्या पटांगणावर दिसू लागल्या. या खेळाला लागते काय? दोन खांब, चुन्याची फक्की आणि अनवाणी पाय. परंतु श्रावणातली काळी माती ज्याने पायाखाली घेतली आहे त्यालाच तिचा स्वभाव माहीत. वर पापुद्रा, खाली लोणी. आमच्याकडचे मैदान बार्शीकरांस जड जाते, आणि त्यांच्याकडचे मुरमाड मैदान आमच्या मुलांच्या तळव्यांची साले काढते. म्हणून एक वर्ष येथे, एक वर्ष तेथे, असा पायंडा पडला आहे. पायंडा पडला की त्यातून सुटका नाही. गेल्या वर्षी ते आले, तेव्हा यंदा आपण गेले पाहिजे. आपण गेलो, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांनी आले पाहिजे. आहेराचे जसे असते तसे. तो कधी फिटत नाही, आणि फिटू नये अशीच दोन्ही घरांची इच्छा असते. दरवर्षी तेच दोन संघ समोरासमोर येण्याचे सर्वांत बळकट कारण आमच्या मते हेच: मागच्या वर्षीची फेड राहिलेली असते. जेवणाचा बेतही ठरलेला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठले आणि नंतर शिरा. शिऱ्यात काजू किती होते यावरून पुढे वर्षभर बोलणे होते, धावसंख्या कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मग बंद करण्याची सूचना का आली? तिला दोन कारणे होती. पहिले कारण असे की या सामन्याचे कोठेच गुण मिळत नाहीत. कॉलेजच्या मूल्यमापनाचे तक्ते भरताना 'विद्यापीठ स्तर', 'राज्य स्तर', 'राष्ट्रीय स्तर' असे रकाने असतात; 'बार्शी' असा रकाना नसतो. हे कारण मांडणारे सहकारी विद्वान आहेत आणि तक्ते भरण्याचे काम त्यांच्याकडे आहे, तेव्हा त्यांची पीडा आम्ही समजू शकतो. पण कारण म्हणून ते आम्हांस हलके वाटले. ज्याला रकाना नाही ते करावयाचे नाही असे एकदा ठरले तर कॉलेजात निम्म्याहून अधिक चांगल्या गोष्टी बंद कराव्या लागतील, आणि पहिल्याने ग्रंथपालांच्या खोलीतला चहा.

दुसरे कारण मात्र हलके नव्हते. दोन वर्षांपूर्वी याच सामन्यात आमच्या संघातला सर्वांत चपळ मुलगा खांबाजवळ वळताना पडला आणि त्याचा गुडघा फिरला. बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी; मुलगा शेवटच्या वर्षाला. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या वाटेची पहिली पायरी म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवड. त्या वर्षी त्याची निवड होणार हे मैदानावरच्या प्रत्येकास ठाऊक होते. निवडीच्या दिवशी तो काठी घेऊन बसला होता. जो सामना कोठे धरला जात नाही त्यात त्याचे जे गेले ते मात्र पुरते धरले गेले. अमेरिकेतही हाच वाद आहे: हंगामापूर्वीच्या सामन्यात एखादा नामांकित खेळाडू जायबंदी झाला की वर्ष वाया जाते, म्हणून तिकडे मुख्य खेळाडूंस थोडा वेळ खेळवून बसवितात किंवा मुळीच उतरवीत नाहीत, आणि २०२१ साली हंगाम एका सामन्याने वाढविला तेव्हा असे पूर्वसामने चारांवरून तीनांवर आणले. प्रेक्षकांकडून तिकिटाचे पैसे मात्र पुरते घेतात, हा व्यापाऱ्यांचा देश.

आणि सोयरीक नेहमी गोडच राहते असेही नाही. सान फ्रान्सिस्को आणि ओकलंड ही खाडीच्या दोन काठांवरची शहरे; त्यांचे संघ निरनिराळ्या तटांत, म्हणून हंगामापूर्वी त्यांचाही असाच वार्षिक सामना होत असे. २०११ च्या ऑगस्टातील सामन्यात प्रेक्षकांत मारामाऱ्या झाल्या, बाहेर गाड्यांच्या तळावर दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि तो वार्षिक सामना थांबविण्यात आला. समितीत हे उदाहरण आम्हीच सांगितले. सांगितले ते एवढ्याचसाठी की सामना चालावा असे म्हणणाऱ्याने त्याच्या विरुद्धची बाजू लपवू नये. परंतु आमच्या क्रीडाशिक्षकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे भाव उमटले ते फार प्रेमळ नव्हते.

आमचे म्हणणे आम्ही पुढे असे मांडले. मुलाच्या गुडघ्यास आमच्याकडे उत्तर नाही. त्याच्यापुढे 'शेजारधर्म' हा शब्द उच्चारावयास आम्हांस संकोच वाटतो, आणि वाटलाच पाहिजे. पण सामना बंद केल्याने दुसरे गुडघे वाचतील हेही खरे नाही. बार्शी गेली तर सराव एकतर आपल्यातल्या आपल्यात होईल, आणि घरातल्या घरात पोहण्याचा सराव होत नाही तसा खो-खोचाही होत नाही. किंवा भूम-कळंबशी होईल, आणि तेथे ईर्षेने मुले दुप्पट जोरात अंग टाकतील. जेथे हरण्याचे भय नाही तेथेच नवख्या मुलास उतरविता येते, जेथे लपवावयाचे नाही तेथेच चूक उघड करून दाखविता येते. असा प्रतिस्पर्धी विद्यापीठ आपल्याला नेमून देऊ शकत नाही. त्याचे काम भाऊबंद नेमून देण्याचे. सोयरा आपला आपणच शोधावा लागतो, आणि आम्हांस तो जकातनाक्याच्या पलीकडे आधीच मिळालेला आहे.

यावर बराच वेळ बोलणे झाले. तक्ते भरणाऱ्या सहकाऱ्यांनी शेवटपर्यंत आपले मत सोडले नाही, आणि एका तरुण प्राध्यापिकेने असा प्रश्न केला की, इतकी वर्षे मुलांचाच संघ का जातो, मुलींचा का नाही? या प्रश्नाने सभेचा रंगच पालटला. ज्या जिल्ह्यात सारिका काळे झाल्या त्या जिल्ह्यातील समितीस हे तोवर सुचले नव्हते. अखेर पाचास तीन मतांनी सामना ठेवावयाचे ठरले. अट अशी की ज्या मुलांची विद्यापीठाच्या निवडीस जाण्याची शक्यता आहे त्यांस एकाच पाळीत उतरवावे, पाऊस होऊन मैदान ओले असेल तर मुळीच उतरवू नये, आणि यंदापासून मुलींचाही संघ न्यावा. मुलींच्या प्रवासखर्चास पैसे कोठून आणावयाचे हे ठरलेले नाही.

गुडघा फिरलेला तो मुलगा आता गावातच एका कृषिसेवा केंद्रात कामाला आहे. गेल्या श्रावणात बार्शीचा संघ आमच्याकडे आला तेव्हा तो दुकान बंद करून आला आणि घड्याळ लावून वेळाधिकारी म्हणून बसला. आम्ही शेजारीच होतो. नऊ-नऊ मिनिटांच्या चारी पाळ्या त्याने काटेकोर मोजल्या, आमच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि बार्शीचा एक पोरगा खांबावर चुकीच्या अंगाने वळू लागला तसा उठून मात्र ओरडला.

यंदाची पाळी बार्शीस जाण्याची आहे. पत्र गेले आहे. तारीख त्यांनी ठरवावयाची, कारण यजमान ते. फक्त भगवंताच्या बार्शीत एकादशीचा उपास कडक असतो, तेव्हा तेवढा एक दिवस टाळावा, असे आमच्या क्रीडाशिक्षकांनी खाली शाईने जोडले आहे.